पन्नासची लेन्स आणि मामांची पाठ

जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातला नवशिका लग्नफोटोग्राफर तुळशीचे लग्न आटोपले की दिसू लागतो आणि आषाढी एकादशीनंतर दिसेनासा होतो. त्याची सर्वांत दाटी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना आढळते. वय वीस ते सव्वीस. घरी केळीची बाग, नाहीतर बागवाल्याकडे वडिलांचे काम. शिक्षण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत झालेले आणि त्यापुढचे 'चालू' असलेले. तालुक्यातच खिरोद्याला सप्तपुट ललित कला भवन आहे, पण हा तिथून आलेला नसतो. त्याचे गुरू मोबाइलच्या पडद्यावर राहतात, हिंदीत बोलतात आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी घंटी दाबायला सांगतात.

कॅमेरा येतो तो केळीच्या पैशातून. ज्या वर्षी केळीचा जाहीर दर, म्हणजे बोर्ड भाव, टिकून राहतो आणि जूनचे वादळ बाग आडवी करत नाही, त्या वर्षी बापाचे मन मोठे असते. खरेदी बऱ्हाणपूरला करावी, भुसावळला की जळगावला, यावर घरात दोन दिवस खल होतो. त्या खलात लेन्सचा विषय निघत नाही, कारण लेन्स खोक्यातच असते: १८ ते ५५ मिलिमीटरची, कॅमेऱ्यासोबत येणारी, जिला धंद्यात 'किट लेन्स' म्हणतात. कॅमेऱ्याला हळदकुंकू लागते आणि पंधरवड्याच्या आत चुलतबहिणीचे लग्न त्याच्या हवाली होते. पैशांचा प्रश्न नसतो. घरचेच लग्न आहे. चार दिवसांनी त्याला पहिला व्यावसायिक अभिप्राय मिळतो: "सगळे फोटो काळे काहून आले रे भो?" फोटोग्राफर म्हणून त्याचे वय पावतीवरच्या तारखेपासून न मोजता या वाक्यापासून मोजणे योग्य.

काळेपणाचे कारण गणिताचे आहे. किट लेन्सचे छिद्र १८ मिलिमीटरला एफ ३.५ पर्यंत उघडते. पण नवरीचा चेहरा जवळ ओढण्यासाठी ती ५५ पर्यंत फिरवली की छिद्र एफ ५.६ वर येऊन अडते. एफचा आकडा वाढला की उजेड घटतो, हा उलटा हिशेब पचवायला नवशिक्याला एक हंगाम लागतो. समाजाच्या जुन्या सभागृहात वर पत्रा, खाली ट्यूबलाइट आणि खिडक्यांना उन्हासाठी लावलेले पडदे असतात. तिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता, १६०० आणि एफ ५.६ धरला तर शटर सेकंदाच्या पंधराव्या किंवा तिसाव्या भागापर्यंत खाली आणावे लागते. एवढ्या वेळात नवरी हलत नाही, तिला तसे बजावलेलेच असते. नवरदेव हलतो. भटजींचा हात हलतो. करवली तर हलण्यासाठीच उभी असते. शटर वेगात ठेवले तर फोटो काळा आणि सावकाश ठेवले तर नवरदेवाला दोन नाके, अशा पेचात नवशिका आयएसओ ६४०० वर नेतो. मग चित्रात दाणे उमटतात, आणि मंगलाष्टकांच्या फोटोत अक्षता कोणत्या आणि दाणे कोणते हे घरच्यांनाही सांगता येत नाही.

यावर मोबाइलमधले सर्व गुरू एकमुखाने एकच औषध सांगतात: पन्नासची लेन्स, एफ १.८. ही लेन्स फिरून लांबजवळ होत नाही. तिचा भाव नवशिक्याच्या आवाक्यात असतो. ५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते, त्यामुळे जिथे पंधराव्या भागाला हात थरथरत होता तिथे आता दीडशेवा भाग मिळतो. जगभरातले नवशिके हीच लेन्स पहिल्यांदा घेतात, तेव्हा रावेरच्या पोराने वेगळे काही करावे अशी अपेक्षा नाही. लेन्स आली की तो आठवडाभर गल्लीतले बोकड, आजीचे हात, केळीचे कमळ आणि वर्गमित्रांचे अर्धे चेहरे टिपतो. सर्व चित्रांत पुढची वस्तू धारदार आणि मागचे सर्व विरघळलेले. या विरघळण्याला तो 'ब्लर' म्हणतो आणि त्यावर त्याची श्रद्धा बसते.

श्रद्धा आणि व्यवसाय यांची टक्कर पुढच्याच लग्नात होते. एफ १.८ वर दोन मीटर अंतरावरून फोटो काढला तर त्याच्या साध्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात जेमतेम अकरा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. नवरी आणि नवरदेव एकमेकांपासून वीतभर मागेपुढे बसलेले असतात. त्यामुळे एकाच चित्रात दोघांपैकी एकाचेच लग्न लागताना दिसते. कधी कॅमेरा मुंडावळ्यांवर नेम धरतो. मग मुंडावळ्यांचा मणी न् मणी मोजता येतो आणि त्यामागे कोणीतरी मनुष्य आहे एवढेच कळते. गुरूंनी हे सांगितलेले असते, पण ते पाचव्या मिनिटाला, आणि नवशिक्याने तिसऱ्या मिनिटाला लेन्स मागवलेली असते.

दुसरी अडचण वधूपित्याची. त्याने स्टेजमागच्या फुलांवर, झुंबरांवर आणि नावांच्या चमकत्या अक्षरांवर डेकोरेटरला भरघोस रक्कम मोजलेली असते. फोटोत त्या सगळ्याचे गुलाबी-पिवळे गोळे झालेले पाहून तो विचारतो, "एवढ्या पैशाचे फुलं लावले, ते कुठी गेले?" नवशिका सांगतो की ते मुद्दाम ब्लर केले आहेत. मुद्दाम केले आहेत हे कळल्यावर प्रकरण अधिकच बिघडते. लग्नाचा फोटो हा खर्चाचा पुरावाही असतो, हे शास्त्र कोणत्याही गुरूच्या धड्यात नाही. एफ ४ किंवा ५.६ वर काढलेल्या, फुलांसकट सगळे दाखवणाऱ्या साध्या फोटोची किंमत नवशिक्याला इथे प्रथम कळते. मात्र तेवढा उजेड आणायचा कुठून, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्याकडे वळण्याआधी मामांचा विचार करणे भाग आहे.

छापील पुस्तकांत लेन्सची निवड दृश्यकोनावरून ठरते. मंगल कार्यालयात ती नात्यांवरून ठरते. अंतरपाटाच्या वेळी स्टेजवर वधूचे मामा, वराचे मामा, अंतरपाट धरणारे दोघे, भटजी, करवल्या, कलश, दिवा, व्हिडिओवाला, व्हिडिओवाल्याचा लाइट धरणारा पोरगा आणि कोणाचीच नसलेली चार लहान मुले असतात. यातून फोटोग्राफरला जी फट उरते, ती त्याची लेन्स ठरवते. पन्नासची लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पंच्याहत्तर ते ऐंशीसारखी वागते, म्हणजे कोन अरुंद. पाच मीटर रुंदीची नातेवाइकांची रांग तिच्यात मावायची तर अकरा मीटर मागे जावे लागते. रावेरच्या बहुतेक कार्यालयांत स्टेजपासून अकरा मीटर मागे गेले की मध्ये दोनशे पाहुणे आणि त्यांच्या वर झालेले मोबाइल येतात. त्यातूनही नेम साधला तर ऐन 'सावधान'च्या क्षणी मामा एक पाऊल सरकतात, आणि खानदेशातल्या असंख्य विवाहांचे मुख्य छायाचित्र म्हणून मामांची पाठ कायमची नोंदवली जाते. सफारीचा शिवणीपर्यंतचा तपशील मात्र अतिशय सुरेख आलेला असतो. पन्नासची लेन्स तेवढी धारदार असतेच.

उलट उपाय म्हणजे किट लेन्स १८ वर ठेवून गर्दीच्या पोटात शिरणे. हीच पाच मीटरची रांग आता चार मीटरवरून मावते. परंतु रुंद कोनाची लेन्स कडेच्या माणसांना ताणते. मध्यभागी नवरदेव सडपातळ राहतो आणि कोपऱ्यातले काका दीडपट होतात. काकांची प्रकृती मूळचीच भारदस्त असेल तर ते ओळखूच येत नाहीत, आणि किरकोळ असेल तर ते त्या फोटोची मोठी प्रत मागतात. म्हणून समूहचित्रात कडेला नेहमी सडपातळ नातेवाईक उभे करावेत. जुन्या स्टुडिओवाल्यांना हे ठाऊक असते. ते "तुम्ही इकडे मध्ये या, तुमच्याशिवाय शोभा नाही" असे म्हणून मोठ्या पोटाचे पाहुणे केंद्राकडे सरकवतात आणि मान दिल्याचे पुण्यही पदरात पाडून घेतात.

या दोन टोकांमध्ये पस्तीसची लेन्स आहे, एफ १.८ किंवा २ ची. तीन मीटरवरून तिच्यात सुमारे दोन मीटरचे दृश्य मावते: वधू, वर आणि मधला अंतरपाट, बस्स. मामा मागे सरकले तरी त्यांना ओलांडून पुढे जाता येते, आणि पुढे गेल्यावर चेहरे ताणले जात नाहीत. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावाल्या नवशिक्याने बंदिस्त जागेतल्या लग्नांसाठी पहिली लेन्स हीच घ्यावी, याबद्दल फारसे दुमत असण्याचे कारण नाही. तरी तो पन्नासचीच घेतो, कारण ती स्वस्त असते, आणि पस्तीसच्या लेन्सचा ब्लर मित्रांना दाखवण्याजोगा येत नाही.

भाड्याच्या लेन्सांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. दुसऱ्या हंगामात नवशिका भुसावळ-जळगावहून २४ ते ७० ची एफ २.८ आणि ७० ते २०० ची एफ २.८ दिवसाच्या भाड्याने आणतो. पहिली लेन्स कामाची. लग्नाचे बहुतेक काम तिच्यात उरकते. दुसरी मुख्यतः सामाजिक उपयोगाची. कॅननच्या मोठ्या टेली लेन्स पांढऱ्या असतात आणि त्या उन्हात कमी तापाव्यात हे त्याचे कारण सांगितले जाते, जे मे महिन्यातल्या रावेरात कोणालाही लगेच पटते. पण त्या रंगाचा खरा परिणाम मांडवात दिसतो. पांढरी लेन्स गळ्यात आली की लोक वाट देतात, मुले मागे फिरतात, वाढपी जिलेबीचे ताट जागेवर आणून देतात आणि कालपर्यंत "ए फोटूवाल्या" म्हणणारे वरपिते "फोटोग्राफर भाऊ" म्हणू लागतात. तिने काढलेले फोटो बहुधा हललेले असतात, कारण दीड किलोच्या आसपासचे वजन हातात धरून अंधारात दोनशे मिलिमीटरवर नेम धरणे हे नवशिक्याचे काम नव्हे. दिवसाचे भाडे मात्र मानपानात वसूल झालेले असते.

आता उजेड. नवशिक्याचा पहिला फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो आणि सरळ समोर उडतो. परिणाम ठरलेला: चेहरा पांढरा, कपाळावरचा घाम चमकणारा, मागे काळोख आणि भिंतीवर प्रत्येकाची सावली. ब्यूटी पार्लरमध्ये तीन तास बसून आलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर हा फ्लॅश पडला की मानेचा रंग एक आणि चेहऱ्याचा दुसरा हे उघडे पडते. या फोटोवरून फोटोग्राफरशी आणि पार्लरवालीशी एकाच वेळी भांडण होते.

गुरू सांगतात, फ्लॅश छताकडे वळव. उजेड छतावरून मऊ होऊन खाली येईल. हे खरे आहे, पण गुरूंच्या खोलीचे छत पांढरे आणि नऊ फुटांवर असते. रावेरात छताचे प्रकार वेगळे. जुन्या सभागृहाचा पत्रा वीस-पंचवीस फुटांवर. उजेड वर जाऊन खाली यायचा तर तीन मीटरऐवजी आठ-दहा मीटरचा प्रवास करतो, आणि अंतर तिप्पट झाले की उजेड एक नवमांश उरतो. त्यातलाही बराच पत्र्याच्या पन्हाळींत विखुरतो. फ्लॅशचे चार सेल पूर्ण ताकदीने उडून दमतात, पुन्हा भरायला कित्येक सेकंद घेतात, आणि उन्हाळ्यात फ्लॅश तापून स्वतःहून बंदच पडतो. नेमका त्याच वेळी वराचे आजोबा आशीर्वाद द्यायला वाकलेले असतात.

मांडवाचे छत जवळ असते, पण रंगीत. लाल-गुलाबी कापडावरून परतलेला उजेड सगळ्या वऱ्हाडाला लाजवतो. याहून बिकट हिरवी जाळी. मे महिन्यात अंगणात हळद असेल तर डोक्यावर शेतातलीच हिरवी शेडनेट ताणतात. तिच्याखाली हळद लावलेली नवरी, तिच्या मावश्या आणि पाटावरचा नारळ सारखेच हिरवट दिसतात. कॅमेऱ्याचे स्वयंचलित रंगसंतुलन हे हिरवेपण काढायला जाते आणि त्या नादात हळदीचाही रंग बदलून टाकते. हळदीच्या फोटोत हळद पिवळी यावी एवढीच घरच्यांची मागणी असते, आणि हंगामातली सर्वांत अवघड मागणी तीच ठरते. इथे संतुलन हाताने ठरवून देणे आणि रॉ फाइलमध्ये फोटो काढणे एवढेच इलाज आहेत. रॉ फाइली कार्ड लवकर भरतात, म्हणून नवशिका त्या टाळतो आणि नंतर रात्रभर संगणकावर मावश्यांचा हिरवेपणा उतरवत बसतो.

मांडवाच्या बाबतीत या भागाने चांगले दिवस पाहिले आहेत. रावेरच्या शेजारच्याच यावल तालुक्यात, फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. गांधीजींच्या सांगण्यावरून त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी केली होती. बांबू आणि चटईवरून परतणारा उजेड कातडीला मानवतो. आजच्या डेकोरेटरला ही परंपरा माहीत असण्याचे कारण नाही. जांभळे एलईडी भाड्याने स्वस्त मिळतात हे त्याला माहीत आहे, आणि त्याची ऑर्डर फोटोग्राफरच्या आधी ठरते.

नव्या लॉनला छतच नसते. तरी काही नवशिके सवयीने फ्लॅश आकाशाकडे रोखून फोटो काढतात. आकाशातून काही परत येत नाही. परंतु पाहुण्यांना उजेड उडालेला दिसतो आणि समाधान होते, त्यामुळे या चुकीची तक्रार कधी कोणी केलेली नाही. याला पूर्वपरंपराही आहे. रिळाच्या काळात छत्तीस फोटोंत अख्खे लग्न बसवायचे असे, आणि स्टेजवर प्रत्येकाला आपला फोटो हवा असे. तेव्हा मुरलेले फोटोग्राफर शटर न दाबता नुसता फ्लॅश उडवून पुढच्या पाहुण्याला वर बोलावत. त्या अनेकांचे फोटो कधी निघालेच नाहीत. ते लक्षात येईपर्यंत लग्नाला चार वर्षे होऊन पहिले मूल बालवाडीत गेलेले असे आणि विचारायला कोणी येत नसे.

यापुढची पायरी म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवणे. दोन स्वस्त फ्लॅश, दोन स्टँड, रेडिओ ट्रिगर आणि पांढऱ्या छत्र्या: एवढ्या सामानात स्टेजच्या दोन कोपऱ्यांतून तिरका उजेड पाडता येतो, चेहऱ्याला गोलाई येते, फुले दिसतात, एफ ४ किंवा ५.६ वर काम करता येते आणि वधूपित्याचे पैसे सत्कारणी लागतात. बंदिस्त जागेतल्या लग्नासाठी दुसऱ्या लेन्सपेक्षा हा खर्च आधी करावा. छिद्र कितीही मोठे असले तरी वाईट उजेड त्यातून चांगला होऊन आत येत नाही. जांभळा उजेड दहापट घेतला तर नवरदेव दहापट जांभळा होतो. अडचण एकच, ती मांडवातली. पहिली छत्री उघडली की पुढच्या रांगेतली एखादी आजी हमखास विचारते, "मांडवात छत्री काहून लावली रे पोरा? मांडव गयतो का?" पोरे स्टँडला धडकतात. वारा आला की छत्री वरमाईच्या दिशेने निघते. म्हणून अनुभवी माणूस स्टँड सुतळीने खांबाला बांधतो आणि पायाशी वाळूची पिशवी ठेवतो. नवशिका मामेभावाला धरायला सांगतो. मामेभाऊ करवल्यांकडे पाहतो आणि फ्लॅशही तिकडेच वळतो. अशा लग्नांच्या अल्बममध्ये करवल्या फार सुंदर उजळलेल्या दिसतात.

डीजेवाल्याचा उजेड हा निसर्गकोपाच्या सदरात मोडतो. त्याच्या फिरत्या दिव्यांखाली नवरदेव एका फोटोत निळा, दुसऱ्यात हिरवा आणि तिसऱ्यात अर्धा-अर्धा येतो. सभागृहातल्या स्वस्त एलईडी आणि ट्यूब आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मंदप्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही. वेगवान शटरला कळते आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर आणले की ट्यूबचे पट्टे जातात, डीजेच्या दिव्यांचे नेहमी जातातच असे नाही. लेझरची रेघ थेट लेन्समध्ये शिरली तर सेन्सर कायमचा बिघडू शकतो. हे कळल्यापासून नवशिका वरातीत कॅमेरा छातीशी धरून चालतो. पाहणाऱ्यांना तो भावुक झाल्यासारखा वाटतो. स्टेजमागे एलईडीची भिंत असेल तर कॅमेऱ्याचा मीटर त्या भिंतीलाच मुख्य पाहुणा समजतो आणि वधूवरांना काळवंडून टाकतो. भिंतीवरची दोघांची नावे आणि मधला बदाम मात्र स्वच्छ येतात.

अशा वेळी नवशिक्याचा तारणहार व्हिडिओवाला असतो. हा वयाने मोठा, पोटाने प्रशस्त आणि तालुक्यातल्या प्रत्येक भटजीला नावाने ओळखणारा असतो. एकेकाळी त्याच्याकडे हजार वॉटचा हॅलोजन असे. तो लागला की नवरी घामाघूम होई आणि फोटो पिवळे येत, कारण हॅलोजनचा उजेड ३२०० केल्विनचा आणि फ्लॅशचा ५५०० चा. दोन्ही एकत्र आले तर चेहऱ्याची एक बाजू संध्याकाळची आणि दुसरी दुपारची दिसे. फ्लॅशवर नारिंगी पारदर्शक कागद लावून दोघांचा मेळ घालता येतो. आता त्याच्याकडे बॅटरीवरचे एलईडी पॅनेल असते, आणि शहाणा नवशिका त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. उजेड फुकट, जागा मोक्याची आणि मामांना बाजूला सरकवण्याचे काम व्हिडिओवाला करतो: "मामा, थोडं हटा, रिशेप्शनला तुम्हाला स्पेशल घेतो." या मोबदल्यात नवशिक्याने त्याच्या चित्रात येऊ नये एवढीच अट असते. ती पाळली जात नाही. खानदेशातल्या बहुतेक लग्नाच्या व्हिडिओंत उजव्या बाजूने एक वाकलेला तरुण वारंवार आत-बाहेर करताना दिसतो, तो हाच.

बंदिस्त जागेत उजेडाशी झुंजण्याचा मोठा वारसा याच जिल्ह्यात आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) घराबाहेर क्वचितच पडत, आणि घरातल्या टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून त्यांनी उभे केलेले प्रसंग 'टेबलटॉप' छायाचित्रणाचे नमुने म्हणून नावाजले गेले. नवशिक्याला त्यांचे नाव कोणी सांगितले तर तो आदराने ऐकतो आणि मग मनातली शंका बोलून दाखवतो: टेबलावरच्या वस्तूंना मामा नसतो. शंका रास्त आहे. पण टेबलावरच्या वस्तूंवर उजेड कुठून यावा हे आधी ठरवावे लागते आणि मग कॅमेऱ्याकडे वळता येते. नवशिका लेन्स आधी ठरवतो आणि उजेड कुठून येत होता हे त्याला अल्बम छापून आल्यावर कळते.

लग्न लागल्यानंतर आहेराची रांग सुरू होते. तिथे कलेचा संबंध संपतो आणि सहनशक्तीचा सुरू होतो. एकामागून एक कुटुंबे स्टेजवर येतात, पाकीट देतात, कॅमेऱ्याकडे पाहतात आणि फ्लॅश उडाल्याखेरीज खाली उतरत नाहीत. दोन्ही फ्लॅश पाव ताकदीवर, छिद्र एफ ५.६, शटर दोनशेवा भाग, पायाखाली खडूची खूण: एवढे एकदा ठरवून घेतले की हे तीन तास डोके न वापरता निघतात, आणि सेलही टिकतात. नवशिका प्रत्येक कुटुंबासाठी नवी कलात्मक चौकट शोधतो आणि चाळिसाव्या कुटुंबाला सेल संपवून बसतो. मध्येच वीज जाते. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अंधारात अख्ख्या कार्यालयात उजेड पाडण्याची साधने फक्त त्याच्याकडे असतात, आणि त्या अर्ध्या मिनिटात दहा-बारा जण त्याला आपली चप्पल शोधायला बोलावतात.

पाठवणीला मात्र पन्नासची लेन्स शोभते. कार्यालयाच्या दारातला एक दिवा, गाडीच्या काचेतून येणारा थोडा उजेड, नवरीने आईच्या खांद्यावर टेकलेले डोके; फ्लॅश बंद, छिद्र पूर्ण उघडे. इथे मागचे विरघळले तरी कोणी फुलांची चौकशी करत नाही आणि मामा स्वतःच रडत असल्याने मध्ये येत नाहीत. नवशिक्याचा हंगामातला सर्वांत चांगला फोटो बहुधा इथेच निघतो. तो अल्बममध्ये आगपेटीएवढ्या आकारात छापला जातो.

कारण अल्बम त्याच्या हातात नसतो. करिज्मा अल्बमची पाने डिझाइन करणारा वेगळा असतो, जळगावला बसतो आणि सर्व जोडप्यांना बर्फाच्छादित डोंगरांपुढे उभे करतो. मोठी पाने कोणाला द्यायची हे वधूपिता ठरवतो: व्याही, सरपंच, बाजार समितीचे संचालक, थोरले जावई. अल्बम घरी आला की पहिली दोन मिनिटे कौतुक चालते आणि तिसऱ्या मिनिटाला गैरहजेरी मोजली जाते. "जवाईबापूचा एकपण फोटो नाही?" जवाईबापू प्रत्यक्षात एकोणीस फोटोंत असतात, पण सगळीकडे पाठमोरे, कारण एका बाजूने तेही कोणाचे तरी मामा असतात.

पैशांचा व्यवहार शेवटी येतो आणि बराच काळ राहतो. विसार म्हणून थोडी रक्कम आधी मिळते, ती लेन्सच्या भाड्यात जाते. दुसरा हप्ता केळी कटल्यावर देण्याचे ठरते. केळी कटते, पण बोर्ड भाव पडलेला असतो. तिसऱ्या हप्त्यातून जवाईबापूंच्या न सापडलेल्या चेहऱ्याबद्दल कपात होते आणि उरलेली बाकी धाकट्या मुलीच्या लग्नाच्या ऑर्डरीत वळती केली जाते. ती ऑर्डर देताना वधूपिता एकच अट घालतो: "या खेपेला ते पांढरी लेन्स घेऊन येजो भो, व्याही जळगावचे आहेत."